जुना आउटपुट ट्रान्सफॉर्मर घेताना आणि विकताना

नागपूरच्या इतवारी-गांधीबागेत भंगारवाल्याकडे व्हॉल्व्ह रेडिओचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर (व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामधला) किलोच्या भावात हाती लागला, तर काट्यावर ठेवण्याआधी मल्टिमीटर लावा. प्रायमरीची, म्हणजे व्हॉल्व्हकडच्या गुंडाळीची, तार केसासारखी बारीक असते. पावसाळ्याची ओल शिरली की ती हिरवी पडून आतल्या आत तुटते. रेडिओच्या मालात प्रायमरी साधारण २०० ते ५०० ओहम दाखवते, सेकंडरी, म्हणजे स्पीकरकडची गुंडाळी, जेमतेम एक. प्रायमरी ओपन (तुटलेली) असेल तर भाव कितीही पडू द्या, घेऊ नका.

शॉर्ट झालेले टर्न (एकमेकांना चिकटलेले तारेचे वेढे) मात्र मल्टिमीटरला कळत नाहीत. त्यासाठी प्रायमरीच्या टोकांना छोटा निऑन दिवा जोडा आणि सेकंडरीला दीड व्होल्टचा ताजा सेल टेकवून झटकन काढा. सेल सुटताना निऑन लुकलुकला पाहिजे. नाही लुकलुकला तर टर्न शॉर्ट असल्याचा दाट संशय घ्या. उघड्या टोकांना हात लावू नका, झटका चांगलाच बसतो.

आता तो कोणत्या व्हॉल्व्हचा, हे काढायचे. प्रायमरीला १२ व्होल्ट एसी द्या, थेट २३० कधीच नको. सेकंडरीवर ०.३४ व्होल्ट आले तर १२ भागिले ०.३४, म्हणजे प्रमाण ३५, त्याचा वर्ग १२२५. स्पीकर ४ ओहमचा असेल तर गुणाकार ४९०० ओहम. व्हॉल्व्हवर येणारा भार तो हाच: एकट्या ईएल८४ या आउटपुट व्हॉल्व्हसाठी अगदी योग्य.

प्रायमरीला तीन तारा असतील तर बहुधा पुश-पुलचा, म्हणजे जोडीने चालणाऱ्या दोन व्हॉल्व्हचा. दोन अर्ध्यांच्या ओहममध्ये थोडा फरक चालतो, कारण बाहेरच्या थरांना तार जास्त लागते. एसी व्होल्टेज मात्र दोन्हीकडे सारखे हवे. पुश-पुलचा माल एकट्या व्हॉल्व्हला लावू नका. त्याच्या ई आणि आय पत्र्यांत फट नसते, डीसीने लोखंडी गाभा चुंबकत्वाने भरून जातो आणि खर्ज नाहीसा होतो. भोंग्यांचे लाइन ट्रान्सफॉर्मरही आउटपुट ट्रान्सफॉर्मर म्हणून खपवतात. टर्मिनलवर वॉटचे आकडे किंवा १०० व्होल्ट लिहिलेले दिसले की ओळखा.

विकणाऱ्याने हेच आकडे मोजून फोटोसोबत लिहावेत, म्हणजे भावाची घासाघीस निम्मी होते. चासिसमधून काढताना तारा मुळाशी छाटू नका, दहा सेंटीमीटर तरी राहू द्या. छापील नंबर घासू नका, रंग तर अजिबात नको. कुरिअरला देताना तारा गुंडाळून बांधा आणि दुहेरी खोक्यात चारही बाजूंनी पुठ्ठा इतका घट्ट कोंबा, की हलवल्यावर आत काहीच सरकणार नाही.