हरभरा फुलात येतोय, निंबोळ्या भिजत घाला

हरभऱ्याला फुलं दिसू लागली की घाटे अळीचे पतंग शेतात उतरलेच म्हणून समजा. मादी कोवळी पानं, कळ्या आणि फुलांवर एकेक करून अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी आधी पानांचा हिरवा भाग खरवडते. त्यामुळे पानावर पांढुरके, जाळीदार ठिपके दिसतात. मोठी झाली की घाट्याला, म्हणजे हरभऱ्याच्या शेंगेला, भोक पाडून अर्धं अंग आत घालते आणि दाणा खाते.

या अळीवर घरच्या घरी करता येणारा उपाय म्हणजे निंबोळी अर्क. पण त्याचा उपयोग झाला नाही, ही तक्रार दरवर्षी कानावर येते. फवारणी कधी केली हे विचारलं, तर बहुतेक वेळा उत्तर असतं, घाटे पोखरलेले दिसल्यावर. तोवर उशीर झालेला असतो. निंबोळीतलं अझाडिरॅक्टिन अळीला जागच्या जागी मारत नाही. अळीचं खाणं सुटतं, तिला नीट कात टाकता येत नाही आणि पतंग त्या झाडावर अंडी घालायचं टाळतात. म्हणून ते अंडी आणि लहान अळ्यांवरचं औषध आहे. पीक साधारण 50 टक्के फुलोऱ्यात असताना पहिली फवारणी याचीच करा. दुसऱ्या दिवशी मेलेल्या अळ्या शोधू नका, तीन-चार दिवसांनी नवीन पानं खरवडली जात आहेत का ते पाहा.

एकरी 200 लिटर पाण्याच्या हिशेबाने 5 टक्के अर्कासाठी 10 किलो वाळलेल्या निंबोळ्या लागतात. त्या भरड कुटून 18 लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. 400 ग्रॅम साबणाचा चुरा वेगळ्या 2 लिटर पाण्यात विरघळवा. दुसऱ्या दिवशी भिजवण काठीने चांगलं ढवळा आणि दुधाळ पाणी दुहेरी फडक्यातून गाळून घ्या. इथे घाई केली तर पंपाचं नोझल सारखं तुंबतं. त्यात साबणाचं पाणी मिसळा आणि एकूण 200 लिटर करा. चोथा शेणखतात टाका. अर्क त्याच दिवशी, उन्हं उतरल्यावर फवारा. कडक उन्हात अझाडिरॅक्टिन लवकर निकामी होतं, शिवाय संध्याकाळी मधमाश्याही फुलांवर नसतात.

निंबोळ्या यंदाच्याच हव्यात. जून-जुलैत वेचून, सावलीत वाळवून, गोणपाटात ठेवलेल्या सर्वांत चांगल्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलसर राहून बुरशी चढलेल्या वापरू नका. कडुनिंबाच्या नुसत्या पाल्याचा काढा निंबोळीची जागा घेत नाही, कारण अझाडिरॅक्टिन मुख्यतः बियांत असतं.

फवारणीआधी शेतात फिरा. दोन ओळींच्या मधे पांढरं कापड अंथरून झाडं हलक्या हाताने झटका आणि पडलेल्या अळ्या मोजा. पानांना चिकटलेले छोटे लांबट कोष दिसले तर ते कॅम्पोलेटिस या मित्रकीटकाचे असू शकतात. ही गांधीलमाशीसारखी बारीक माशी लहान घाटे अळीच्या अंगात अंडी घालते. असे कोष बरेच असतील तर कडक रासायनिक फवारणीची घाई करू नका. हेक्टरी 5 कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे) आणि पक्ष्यांना बसायला काठ्या लावा.

एक मीटर ओळीत एक-दोन अळ्या दिसू लागल्या, तर अर्कावर अवलंबून राहू नका. मोठ्या अळ्या हाताने वेचा. घाटे अळीला रोग लावणारा विषाणू (एचएएनपीव्ही) हेक्टरी 500 एलई (या विषाणूची मात्रा मोजायचं एकक) या प्रमाणात संध्याकाळी फवारा. रोगट अळी काही दिवसांनी शेंड्याला उलटी लटकून काळी पडते. तेवढ्याने भागलं नाही, तर तालुक्याच्या कृषी कार्यालयातून शिफारशीचं कीटकनाशक विचारून घ्या.

तंबाखूचा काढा मात्र टाळा. निकोटीन कातडीतूनही अंगात भिनतं आणि फवारणाऱ्यालाच त्रास होतो. दशपर्णीत, म्हणजे दहा वनस्पतींच्या पाल्याच्या अर्कात, घातली जाणारी कण्हेर आणि रुईसुद्धा विषारीच. तो अर्क केलेलं पातेलं पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नका. घरातलं कुणी भाजीसाठी शेंडे खुडायला जाणार असेल, तर फवारणी झाल्याचं त्यांना आधी सांगा.