'सँक्शन केलं' म्हणजे नेमकं काय केलं?

भाषांतरात नव्याने आलेल्यांनी अवघड शब्दांची धास्ती घेऊ नये. अवघड शब्द आपण कोशात बघतोच. घात करतो तो ओळखीचा शब्द. माझा घात 'सँक्शन'ने केला.

हा शब्द मी लहानपणापासून घरात ऐकत आले. वडिलांचं कर्ज सँक्शन झालं, काकांची रजा सँक्शन झाली. विजेच्या बिलावर 'सँक्शन्ड लोड' म्हणजे मंजूर भार. त्यामुळे वृत्तपत्राच्या डेस्कवर दुसऱ्याच महिन्यात, रात्री साडेअकराला बातमी आली की अमेरिकेने तीन तेलवाहतूक कंपन्यांना 'सँक्शन' केलंय, तेव्हा मी कोश उघडलाच नाही. 'तीन कंपन्यांना अमेरिकेची मंजुरी' असा मथळा दिला. तो तसाच छापून आला. प्रत्यक्षात त्या कंपन्यांवर निर्बंध लादले होते. दुसऱ्या दिवशी खुलासा छापावा लागला. तो चार ओळींचा मजकूर मलाच लिहायला दिला होता, आणि आजही हा शब्द दिसला की माझा हात थांबतो.

एकाच क्रियापदाला असे उलटे अर्थ कसे? मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ पवित्र करणं, कायद्याने पक्कं करणं. संत या अर्थाचा इंग्रजी 'सेंट' त्याच धातूतला. कायदा पक्का करायचा तर तो मोडणाऱ्याला शिक्षा हवी, म्हणून त्या शिक्षेलाही 'सँक्शन' म्हणू लागले. क्रियापदाला शिक्षेचा अर्थ मात्र अलीकडे, विसाव्या शतकात चिकटला.

आता नीट लक्ष द्या, कारण सगळी मेख इथे आहे. कर्म बघा. रक्कम, रजा, आराखडा, पद, कृती यांना सँक्शन केलं तर मंजुरी. माणूस, कंपनी, देश यांना केलं तर निर्बंध किंवा दंड. वकिलाला न्यायालयाने 'सँक्शन' केलं तर त्याच्यावर कारवाई झाली, त्याला परवानगी मिळाली नाही. अनेकवचनी नाम बहुधा निर्बंधच असतं: मे १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेने भारतावर लादले ते.

पण एकदा पोळलात म्हणून सगळीकडे 'निर्बंध' लिहू नका. मी तेही करायला निघाले होते. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा, १९८८ च्या कलम १९ मधलं 'सँक्शन' म्हणजे लोकसेवकावर खटला चालवण्याची पूर्वमंजुरी. तिथे निर्बंध लिहिलं असतं तर बातमीच उलटी झाली असती. आमच्या मुख्य उपसंपादकांनी वेळीच विचारलं, "कोणी, कशाला?" असं विचारणारा ज्येष्ठ मिळाला तर त्याला सोडू नका. नुसतं 'चुकलंय' म्हणून कागद परत करणाऱ्याकडून मी काही शिकले नाही.

स्पर्धा परीक्षांच्या शब्दयाद्यांवर माझा राग आहे. एका शब्दापुढे एकच अर्थ, आणि तोच पाठ! मशीनने केलेलं भाषांतरही तोकड्या मथळ्यात हमखास गडबडू शकतं.

सगळ्यात फसवं विशेषण. 'यूएन-सँक्शन्ड' मोहीम म्हणजे संयुक्त राष्ट्रांनी मान्यता दिलेली. 'यूएन-सँक्शन्ड' व्यक्ती म्हणजे निर्बंधांच्या यादीतली. पुढचं नाम वाचल्याशिवाय लिहूच नका. घाबरू मात्र नका, आठ-दहा बातम्यांत नजर बसते. आणि स्वतः इंग्रजी लिहिताना हे क्रियापद टाळा. मंजुरीसाठी सरळ 'अप्रूव्ह' लिहा, निर्बंधांसाठी 'इम्पोज्ड सँक्शन्स ऑन'. मी तेच करते.