चयापचयासाठी इसबगोल: केव्हा, किती आणि कसे घ्यावे

आपल्या घरांत इसबगोल ओळखले जाते ते बद्धकोष्ठावरचे औषध म्हणून, आणि त्यामुळे ते घेतलेही जाते रात्री झोपताना, कोमट दुधातून. पोट साफ होण्यासाठी ही रीत ठीक आहे. मात्र वजन वाढलेल्या ज्या स्त्रियांना रक्तातील साखर आणि कोलेस्टेरॉल यांची काळजी आहे, त्यांनी इसबगोलाची तीच भुशी जेवणाच्या वेळी आणि मोजून घ्यायला हवी, कारण ती खाल्लेल्या अन्नात मिसळली तरच हे काम करू शकते.

याचे कारण स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते. काचेच्या पेल्यात थोडे पाणी घेऊन त्यात एक चमचा भुशी घालावी आणि दहा मिनिटे तसेच ठेवावे. भुशी फुगून पाणी धरून ठेवते आणि पेला तिरका केला तरी सहज ओघळत नाही असा बुळबुळीत गर तयार होतो. पोटातही असाच गर होतो. त्यामुळे अन्न जठरातून सावकाश पुढे सरकते आणि भात-पोळीतली साखर रक्तात हळूहळू उतरते. शिवाय पित्तातील आम्ले या गरात अडकून शौचावाटे बाहेर पडतात, ती नव्याने तयार करण्यासाठी यकृत रक्तातले कोलेस्टेरॉल ओढून घेते आणि एलडीएल, म्हणजे घातक मानले जाणारे कोलेस्टेरॉल, कमी होते. गव्हाच्या कोंड्याचा असा गर होत नाही, आणि चिकोरीच्या मुळापासून काढलेले इन्युलिन पाण्यात विरघळले तरी इतके घट्ट होत नाही. म्हणून डब्यावर नुसते ‘वनस्पतिजन्य फायबर’ लिहिलेले पाहून खरेदी करू नये. घटकांची यादी वाचावी. काही चवदार पावडरींत साखर असते, काहींत सोनामुखीसारखे रेचक मिसळलेले असते, आणि रोजच्या वापरासाठी ही दोन्ही टाळलेली बरी. साधी, बिनचवीची भुशी पुरेशी असते.

सुरुवात करण्यापूर्वी आजची स्थिती लिहून ठेवावी. भारतीयांसाठी 23 पासून पुढचा बॉडी मास इंडेक्स (किलोतले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) जास्त वजनाचा आणि 25 पासून पुढचा लठ्ठपणाचा मानला जातो. स्त्रियांच्या कंबरेचा घेर 80 सेंटिमीटरच्या आत असावा. त्याबरोबर उपाशीपोटीची साखर, एचबीए1सी (गेल्या काही महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी), लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल आणि इतर चरबीची तपासणी) आणि रक्तदाब यांची नोंद असावी.

प्रमाणाबाबत एक आधार घेता येतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1998 मध्ये इसबगोलाच्या भुशीसाठी हृदयविकाराचा धोका कमी होण्याविषयीचा दावा वेष्टनावर छापण्यास मान्यता दिली, ती दिवसाला 7 ग्रॅम विद्राव्य तंतूंच्या, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या फायबरच्या आधारावर. इतके तंतू साधारण 10 ग्रॅम भुशीतून मिळतात. पण पहिल्याच दिवशी 10 ग्रॅम घेतल्यास पोट फुगते, आणि कित्येक जणी तिथेच हे सोडून देतात. पहिला आठवडा दुपारच्या जेवणाआधी 3 ग्रॅम, दुसऱ्या आठवड्यात दुपारी आणि रात्री तेवढेच, आणि पोटाने साथ दिली तर पुढे दोन्ही वेळा 5 ग्रॅम, असा क्रम ठेवावा. भुशी फार हलकी असल्याने चमच्याच्या मापात मोठा फरक पडतो. स्वयंपाकघरातल्या छोट्या वजनकाट्यावर एकदा मोजून आपल्याच चमच्याचे माप ठरवून घ्यावे.

जेवणाला बसण्याच्या अगदी आधी पूर्ण ग्लासभर, म्हणजे सुमारे 250 मिलिलिटर पाण्यात किंवा पातळ ताकात भुशी ढवळून ती घट्ट होण्याआधी पिऊन टाकावी आणि वरून आणखी थोडे पाणी प्यावे. कोरडी भुशी तोंडात कधीही टाकू नये, कारण ती घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकू शकते. ज्यांना गिळायला त्रास होतो किंवा ज्यांच्या आतड्यात पूर्वी अडथळा झाला आहे, त्यांनी हा प्रयोग करू नये.

औषधांच्या वेळा सर्वांत महत्त्वाच्या, आणि नेमके तिथेच दुर्लक्ष होते. हा गर औषधालाही धरून ठेवतो, म्हणून इतर गोळ्या आणि भुशी यांत किमान दोन तासांचे अंतर असावे. थायरॉइडच्या गोळीसाठी ते चार तासांचे ठेवावे. पहाटे उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेणाऱ्या स्त्रीने भुशी न्याहारीला न घेता दुपारी आणि रात्री घेतली की हे अंतर आपोआप राखले जाते. लोहाच्या गोळीची वेळही याच हिशेबाने ठरवावी. इन्सुलिन किंवा साखर एकदम खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टरांशी बोलूनच सुरुवात करावी.

वजनाच्या काट्यावर मात्र फार आशेने पाहू नये. पोट भरल्यासारखे वाटून खाणे थोडे कमी होते, एवढेच. मला याचा खरा लाभ एलडीएलमध्ये आणि मधुमेह असलेल्यांच्या साखरेत दिसतो. साखर मुळात योग्य असेल तर तिच्यात फारसा बदल होत नाही. भुशीत कडधान्यांतली प्रथिने नाहीत, पालेभाज्यांतली जीवनसत्त्वे नाहीत, त्यामुळे ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, गवार आणि मेथी ताटात राहिलीच पाहिजेत. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये प्रौढांसाठी सांगितलेले रोजचे किमान 25 ग्रॅम तंतू हे अन्नातून नैसर्गिकरीत्या मिळणारे आहेत, डब्यातले नव्हेत.

एचबीए1सीमध्ये सुमारे तीन महिन्यांच्या साखरेचा हिशेब दिसतो, म्हणून तीन महिन्यांनी त्याच तपासण्या शक्यतो त्याच प्रयोगशाळेत पुन्हा कराव्यात. एलडीएल उतरले असेल तर भुशी चालू ठेवावी, कारण ती बंद केली की परिणामही ओसरतो. कोलेस्टेरॉलची गोळी मात्र स्वतःच्या मनाने थांबवू नये. नियमाने घेऊनही आकडे तिथेच असतील, तर आणखी मोठा डबा आणण्याऐवजी दोन्ही अहवाल डॉक्टरांसमोर ठेवून पुढचा उपचार विचारावा.