बचत गटातून हृदयविकार रोखायचा तर: बीपीचं यंत्र, मिठाचा पुडा आणि मशेरीची डबी

उच्च रक्तदाब दुखत नाही, खुपत नाही. म्हणूनच तो वर्षानुवर्षं अंगात मुरतो आणि बऱ्याचदा झटका किंवा पक्षाघात आल्यावरच घरच्यांना कळतो. गावात हे थांबवायचं असेल तर वर्षाकाठच्या एका व्याख्यानापेक्षा बचत गटाच्या मासिक बैठकीतला अर्धा तास जास्त कामाचा आहे. दहा-बारा बायका, तेवढीच घरं, चूल त्यांच्याच हातात, आणि पुढच्या महिन्यात त्याच जणी पुन्हा भेटणार. फिनलंडच्या उत्तर कारेलिया भागात 1972 साली याच वाटेने काम सुरू झालं. डॉ. पेक्का पुस्का यांच्या चमूने तिथल्या ‘मार्था’ या गृहिणींच्या संघटनेला सोबत घेतलं आणि लोणी, मीठ, तंबाखू हे विषय थेट स्वयंपाकघरात नेले. पुढच्या चार दशकांत तिथल्या कामाच्या वयातल्या पुरुषांचं हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण 80 टक्क्यांहून जास्त घटलं.

सुरुवात करण्याआधी आशाताईंना आणि उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना भेटा. बीपीच्या गोळ्या उपकेंद्रात आहेत का, नसतील तर प्राथमिक आरोग्य केंद्रात कोणत्या वारी मिळतील, एका वेळी किती दिवसांच्या देतात, हे विचारून वहीत लिहून घ्या. औषधाची सोय पक्की नसताना तपासणी केली तर लोक घाबरतात, चार हेलपाटे मारतात आणि पुढच्या वेळी दंड पुढे करत नाहीत. तिशी ओलांडलेल्यांचा धोका तपासण्याचा फॉर्म आशाताईंकडे असतोच. त्यात कमरेचा घेरही असतो. बायकांचा 80 सेंटिमीटरच्या आणि पुरुषांचा 90 च्या वर गेला की गुण वाढतात. एकूण गुण 4 च्या वर गेले तर त्या व्यक्तीला सर्वात आधी तपासणीला पाठवा.

बीपी मोजताना

यंत्र दंडावर बांधायचंच घ्या, मनगटावरचं नको. कफचा, म्हणजे दंडाला गुंडाळायच्या पट्ट्याचा, आकार बघा. नेहमीचा कफ साधारण 22 ते 32 सेंटिमीटर घेराच्या दंडाला बसतो. जाड दंडाला तोच बांधला तर आकडा खोटा वाढून येतो. म्हणून मोठा कफ वेगळा मागवा. नवं यंत्र आणल्यावर आणि पुढे दर वर्षी, उपकेंद्रातल्या यंत्राशी तीन-चार जणांवर ताडून पाहा.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, मशेरी नको. लघवीला जाऊन यायला सांगा. खुर्चीत पाठ टेकून, पाय सरळ जमिनीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसवा. मांडी घालून किंवा पायावर पाय टाकून बसवू नका. हात टेबलावर टेकलेला हवा आणि दंड छातीच्या पातळीत. हात लोंबता राहिला तर आकडा वाढतो. कफची खालची कड कोपराच्या दोन बोटं वर ठेवा. ब्लाउजची घट्ट बाही वर सारून मोजणं ही सगळ्यात नेहमीची चूक: गुंडाळलेली बाही दंड आवळते. पातळ कापडावरून मोजलेलं एक वेळ चालेल, आवळलेल्या बाहीखाली नाही. सैल बाहीचा ब्लाउज घालून यायला आदल्या दिवशीच निरोप द्या. आणि मोजताना बोलायचं नाही, मोजणारीनेही नाही. गप्पांनी दहा-दहा अंक सहज चढतात, आणि बैठकीत गप्पा तर होणारच. म्हणून खुर्ची दुसऱ्या खोलीत मांडा.

एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजा. पहिल्या खेपेला दोन्ही हातांचं मोजून ज्याचं जास्त येईल तोच हात पुढे कायम धरा. वहीत 138 आला तर 138 च लिहा. ‘140 च्या आसपास’ लिहिलं की पुढच्या महिन्यात फरक कळत नाही.

130/80 च्या खाली असेल तर वर्षाने पुन्हा. वरचा आकडा 130 ते 139 किंवा खालचा 80 ते 89 असेल तर मीठ-तंबाखूवर काम सुरू करून तीन महिन्यांनी. 140/90 किंवा त्याहून वर गेलं तर घाबरवायचं नाही. आठवड्याभरात वेगळ्या दिवशी उपकेंद्रात पुन्हा मोजून खात्री करायची. 160/100 च्या वर असेल तर दोन-तीन दिवसांत डॉक्टरांकडे. 180/110 आलं तर पंधरा मिनिटं स्वस्थ बसवून परत मोजा. तेवढंच राहिलं तर त्याच दिवशी आरोग्य केंद्र. त्यासोबत छातीत दुखत असेल, धाप लागत असेल, तोंड वाकडं झालं असेल किंवा बोलणं अडखळत असेल तर वाट न पाहता 108.

पुरुष बचत गटाच्या बैठकीला येत नाहीत. त्यांच्यासाठी महिन्यातून एकदा संध्याकाळी देवळात किंवा दूध डेअरीवर खुर्ची मांडा. डेअरीवर सोपं जातं, कारण तिथे रोज यावंच लागतं.

गोळी का सुटते

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. गोळी सुरू झाली, बीपी उतरलं, बरं वाटलं, गोळी बंद. आकडा गोळीमुळे खाली आहे, आजार गेलेला नाही, हे दर बैठकीत सांगावं लागतं. उपवासाच्या दिवशी गोळी टाळतात. तेव्हा पाण्याबरोबर घेतलेल्या गोळीने उपवास मोडत नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्या बाईकडूनच वदवून घ्या. वहीत प्रत्येकीपुढे गोळ्या संपायची तारीख लिहा आणि त्याच्या तीन दिवस आधी शेजारणीने आठवण करायची.

बीडसारख्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणाऱ्या जोडप्यांचं नाव वहीत वेगळ्या पानावर हवं. निघण्याआधी जास्तीत जास्त दिवसांच्या गोळ्या मागून घ्या आणि औषधाचं नाव, मात्रा आणि शेवटचं बीपी लिहिलेला कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत द्या. कारखान्याच्या गावातल्या आरोग्य केंद्रात तो दाखवला की पुढच्या गोळ्या लिहून घेणं सोपं जातं.

मिठाच्या पुड्यावर तारीख

माणशी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हा आकडा स्वयंपाकघरात कुणी मोजत नाही, पण पुडा मोजता येतो. चार मोठ्या माणसांचं घर, रोज 20 ग्रॅम, म्हणजे किलोचा पुडा 50 दिवस. लोणचं, पापड, फरसाण, पाव, खारी यांतूनही मीठ येतंच, तेव्हा पुडा दोन महिने पुरला तर घर ठीक चाललंय असं धरा. महिन्यात संपला तर माणशी 8 ग्रॅमच्या वर जातंय. पुडा फोडला की पेनाने त्यावर तारीख लिहायची, संपला की रिकामी पिशवी बैठकीला आणायची. लोणच्याला, जनावरांना किंवा गुळण्यांना लागणारं मीठ वेगळ्या पुड्यातून घ्या, नाहीतर हिशेब चुकतो. लहान मूल अर्धं माणूस धरा.

कमी करताना एकदम निम्मं केलं तर तिसऱ्या दिवशी घरातून तक्रार येते आणि पुन्हा पहिल्यासारखं होतं. आधी भाकरीच्या पिठातलं, कणकेतलं आणि भातातलं मीठ बंद करा. ते जेवताना कळतही नाही. मग ताटातलं वाढलेलं मीठ काढा, लिंबाची फोड राहू द्या. त्यानंतर आमटी-भाजीतलं दर दोन-तीन आठवड्यांनी थोडं थोडं. चिमटीने टाकू नका, एकच ठरलेला लहान चमचा वापरा. आमसूल, लसूण, कोथिंबीर, लिंबू यांनी चव सावरते, आणि काही आठवड्यांत जिभेला कमी मिठाची सवय होते. पापडात मिठाशिवाय पापडखार असतो आणि त्यातही सोडियम असतं, म्हणून बीपी असलेल्यांनी पापड सणापुरताच ठेवावा. सुकी मासळी दोन-तीनदा पाण्यातून काढून घ्या.

सैंधव मीठ चालतं का, हा प्रश्न हमखास येतो. तेही सोडियमचंच मीठ आहे, त्यात सवलत नाही. कमी सोडियमचं, पोटॅशियम घातलेलं मीठ खरंच उपयोगी आहे, पण मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना ते घातक ठरू शकतं आणि बीपीच्या काही गोळ्यांबरोबरही पोटॅशियम वाढतं. डॉक्टरांना विचारूनच घ्या.

तेलाचंही तसंच: माणशी महिन्याला अर्धा लिटर. तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका, वनस्पती तूप घरात नको. चालणं आठवड्याला दीडशे मिनिटं. शेतात घाम गाळणाऱ्या बाईला वेगळं चालायला सांगू नका, दुकानात किंवा शिलाई मशीनवर बसणारीला जरूर सांगा.

मशेरी

बायका तंबाखूबद्दल विचारलं तर ‘नाही’ म्हणतात आणि मशेरी रोज लावतात. म्हणून प्रश्न ‘दात कशाने घासता?’ असा विचारा. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. त्यातलं निकोटिन हिरड्यांतून रक्तात जातं, नाडी आणि बीपी चढवतं. सोडताना दोन अडचणी येतात. पोट साफ होत नाही: उठल्यावर कोमट पाणी, जेवणात पालेभाजी आणि भाकरी वाढवा. हिरड्या ठणकतात: मऊ ब्रश, साधी पेस्ट, मिठाऐवजी नुसत्या कोमट पाण्याच्या चुळा. तलफ पाच मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ बडीशेप किंवा लवंग चघळा. पहिले तीन-चार दिवस सर्वात कठीण जातात, तेव्हा दोघींनी मिळून सोडणं बरं. सोडण्याच्या दिवशी डबी घराबाहेर काढा. 1800-11-2356 या मोफत क्रमांकावर समुपदेशक बोलतात. पुरुषांच्या गुटखा-बिडीसाठीही हाच नंबर द्या.

झटका आला तर

छातीवर दाब, जबडा, खांदा, डावा हात किंवा पाठीत कळ, दरदरून घाम. बायकांना आणि मधुमेह असलेल्यांना नुसती मळमळ, धाप किंवा विलक्षण थकवा एवढंच जाणवू शकतं, आणि इथेच ‘पित्त आहे’ म्हणून सोडा पाजण्यात मोलाचे तास जातात. रोग्याला चालवू नका, मोटारसायकलवर मधे बसवून नेऊ नका. 108 लावा आणि टेकवून बसवा. शुद्ध हरपली आणि श्वास थांबला तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 ते 6 सेंटिमीटर खोल दाब द्यायला सुरुवात करा आणि मदत येईपर्यंत माणसं बदलत चालू ठेवा. ईसीजी काढून रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन देण्याची सोय जवळ कुठल्या रुग्णालयात रात्री असते, हे आजच विचारून ठेवा आणि तो फोन नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहा.