घरात कपडे वाळवताना: स्टँड, पंखा आणि कुबट वास

घरात वाळलेल्या कपड्यांना कुबट वास आला की बोल साबणाला लागतो. बिचाऱ्याचा दोष नसतो. कपडा तासन्‌तास ओलसर राहिला की धुऊनही उरलेले जिवाणू त्यात वाढतात आणि वास त्यांचाच येतो. म्हणजे वेळ कमी करायचा, बस्स.

तो मशीनमध्येच कमी होतो. एक किलो सुती कपडे मिनिटाला ८०० फेऱ्यांवर पिळले तर त्यांत साधारण ७०० ग्रॅम पाणी उरतं; १२०० फेऱ्यांवर जेमतेम अर्धा किलो. टॉवेल, चादरी, जीन्स यांना आणखी एकदा नुसतं स्पिन द्या. लोकरीचं काही असेल तर पिळू नका. कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि आडवंच पसरा, टांगलं की लोंबतं. मशीन थांबलं की कपडे लगेच बाहेर काढायचे.

प्रत्येक कपडा जोरात झटकून वाळत घाला. सुरकुत्या जातात आणि चिकटलेले पदर सुटतात. दोन कपड्यांत किमान दोन बोटांचं अंतर हवं. टॉवेल एकाच दांडीवर दुमडू नका, दोन दांड्यांवर तंबूसारखा टाका, म्हणजे आतून हवा खेळते. शर्ट हँगरवर, बटणं उघडी. जीन्स उलटी करून, खिसे बाहेर ओढून, चेन उघडी ठेवून कमरेला चार चिमटे लावा. कंबर गोल उघडी राहिली पाहिजे. दोन्ही पदर एकत्र चिमटलेत तर पाय वाळतील, नेफा दुसऱ्या दिवशीही ओलाच.

स्टँड भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा, नाहीतर भिंतीला ओल धरते. छताच्या पंख्याचा वारा वरच्या थरालाच जास्त लागतो. टेबलफॅन बाजूने असा लावा की कपडे किंचित हलत राहतील.

आता कपड्यातलं पाणी जातं कुठे? त्याच खोलीत. समोरासमोरच्या खिडक्या उघडता आल्या तर उत्तम. बाहेरचीच हवा पावसाने दमट असेल तर खिडक्या-दारं बंद करून एसी ड्राय मोडवर किंवा डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र, लावा. खिडकी उघडी ठेवून हे यंत्र चालवणं म्हणजे गावभरची हवा कोरडी करत बसणं. आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहिली की बुरशीची भीती बरीच कमी होते.

दोन्ही बाजूंना पंखांसारखा उघडणारा स्टँड कलंडतो तो एकाच पंखावर ओले टॉवेल टाकल्यामुळे. जड कपडे मधल्या दांड्यांवर, पंखांवर मोजे-रुमाल. दांडीचं आवरण सोललं असेल तर पांढऱ्या कपड्यांवर गंजाचे डाग पडतात, आणि ते साध्या साबणाने जात नाहीत. तिथे प्लास्टिकची नळी उभी चिरून बसवा.

वाळलं का हे मधल्या कापडावरून ठरवू नका. काखेची शिवण, नेफा, खिशाचा कोपरा हाताच्या पाठीने चाचपा. गार लागलं तर घडी घालू नका. वास एकदा बसलाच असेल तर सुगंधी द्रव्याने तो फक्त झाकला जातो. कापडाला चालत असेल तर ६० अंशांच्या पाण्यात पुन्हा धुवा.