मशीनवर फ्री मोशन भरतकाम: स्क्रू पिळण्याआधी या चुका टाळा

वरून पान सुरेख, आणि रिंग उलटी केली की खाली दोऱ्याचा हा गुंतवळा! पहिल्यांदा फ्री मोशन, म्हणजे कापड रिंगमध्ये ताणून ती हातानेच हवी तशी सरकवत मशीनवर भरतकाम करणारे बहुतेक इथेच अडतात आणि लगेच बॉबिन केसचा, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या डबीचा बारका स्क्रू पिळायला घेतात. मीही घेतला होता. अख्खी दुपार आणि अर्धं रीळ गेल्यावर दिसलं, मशीनचा पाय वर-खाली करणारा मागचा दांडा वरच राहिला होता.

या कामात कापड दाबणारा नेहमीचा पाय काढतात, नाहीतर स्प्रिंगचा लावतात. खाली दाबायला काही नाही, मग दांडा पाडायचा कशाला, असं वाटतं. पण वरचा दोरा ज्या दोन चकत्यांमधून जातो, त्या आवळतो तोच दांडा. तो वर असला की दोरा मोकाट सुटतो आणि सगळा ढीग खाली साचतो. म्हणून गुंता खाली दिसला तरी आधी वरचा दोरा तपासा. दांडा वर करून दोरा पुन्हा ओवा, मग दांडा पाडून शिवा. याउलट, कापडाच्या सुलट बाजूवर बॉबिनच्या दोऱ्याचे ठिपके दिसत असतील तर वरच्या दोऱ्याचं टेन्शन (ताण) जरा सैल करा.

रिंग हाताच्या भरतकामासारखी लावली तर कापड अधांतरी राहतं आणि टाके सुटतात. इथे मोठी कडी खाली, तिच्यावर कापड आणि वरून आतली कडी, म्हणजे कापड मशीनच्या पाट्याला टेकतं. आतल्या कडीला सुती पट्टी गुंडाळा, कापड निसटत नाही. कापड झिरझिरीत असेल तर खाली कागद ठेवा, नंतर फाडून काढता येतो.

कापड सरकवणारे सुईखालचे दाते खाली पाडा. तशी सोय नसेल तर टाक्याची लांबी शून्यावर ठेवली तरी भागतं.

सुरुवातीला खालचा दोरा वर ओढून घ्या, दोन्ही टोकं धरून तीन-चार टाके जागच्या जागी घाला.

आणि सुई मोडते ती घाबरटपणामुळे! मशीन हळू चालवायची आणि रिंग मात्र भराभर ओढायची, मग सुई वाकून पाट्यावर आदळणारच. मशीन एका लयीत चालू द्या, हात सावकाश. बोटं सुईपासून लांब, रिंगच्या कडेवर.

सरावाला मांजरपाटावर आपलं नाव लिहा, रिंग न फिरवता, नुसती सरकवत. माझ्या तुकड्यावर 'क्ष'च्या गाठीत सुईचं टोक अजून अडकलेलं आहे.