रसाच्या एका थेंबातून ‘सेंद्रिय’ची पारख

फळांचा रस सेंद्रिय शेतीतला आहे का हे ओळखायचं तर मी यंत्राच्या आधी नमुने बघते. तुलनेचे दोन्ही रस, सेंद्रिय आणि नेहमीच्या शेतीतला, एकाच वाणाचे, एकाच हंगामातले हवेत. एक ताजा पिळलेला आणि दुसरा कॉन्सन्ट्रेटचा, म्हणजे आटवलेल्या रसात पाणी घालून केलेला घेतलात, तर यंत्र प्रक्रियेतला फरक दाखवेल आणि तुम्ही तो शेतीतला समजाल.

कीटकनाशकं शोधायच्या नेहमीच्या पद्धतीत दहा ग्रॅम नमुन्याला दहा मिलिलिटर असेटोनायट्राइल लागतं. शंभर नमुन्यांमागे लिटरभर विषारी द्रावक वाया! म्हणून पहिली चाळणी मी एटीआर इन्फ्रारेडवर लावते. या यंत्रात स्फटिकावर ठेवलेला नमुना कोणता इन्फ्रारेड प्रकाश किती शोषतो ते मोजतात; त्याचा आलेख म्हणजे स्पेक्ट्रम.

रस सेंट्रिफ्यूज करा, म्हणजे वेगाने फिरवून गर तळाशी बसवा. तळाचा गर फेकू नका, पुढे लागतो. वरचा नितळ थेंब स्फटिकावर ठेवा. घाईने स्पेक्ट्रम घेतलात तर १६४० तरंगसंख्येपाशी पाण्याचा डोंगर उभा राहतो. थेंब सुकू द्या. चकचकीत, चिकट पापुद्रा उरला की ९०० ते १२०० मधले साखरेचे सुळके नीट उठून दिसतात. नंतर ओल्या टिश्यूने पुसलं की झालं, साखर पाण्यातच विरघळते. पण पुसल्यावर रिकाम्या स्फटिकाचा स्पेक्ट्रम घ्याच. सफरचंदाची साखर पुढच्या संत्र्यात आलेली मी पाहिली आहे.

प्रत्येक बाटलीची तीन वाचनं घ्या आणि पीएलएस-डीए मॉडेल बसवा, म्हणजे स्पेक्ट्रमवरून नमुन्यांची गटवारी शिकणारी संख्याशास्त्रीय पद्धत. इथेच मी तोंडावर आपटले होते. एकाच बाटलीची दोन वाचनं मॉडेल शिकवायला, तिसरं परीक्षेला. उत्तरं जवळजवळ सगळी बरोबर! पुढच्या हंगामाच्या बाटल्या आल्या आणि मॉडेल गडबडलं. ते शेती शिकलंच नव्हतं, बाटल्या पाठ करून बसलं होतं. तेव्हापासून अख्खी बॅच एकतर शिकवायला, नाहीतर परीक्षेला ठेवते.

शंकास्पद नमुन्यांसाठी तो राखलेला गर. वाळवून काही मिलिग्रॅम जाळायचा आणि नायट्रोजनच्या समस्थानिकांचं, म्हणजे त्याच्या जड आणि हलक्या अणूंचं गुणोत्तर हवेतल्या नायट्रोजनच्या तुलनेत मोजायचं. इथेही द्रावक नाही. रासायनिक खतातला नायट्रोजन हवेतूनच घेतलेला, म्हणून त्याचा आकडा शून्याच्या आसपास असतो. शेणखतातून अमोनिया उडताना हलका नायट्रोजन आधी जातो, जड मागे उरतो आणि आकडा चढतो. मात्र शेंगवर्गीय हिरवळीच्या खतावर वाढवलेली सेंद्रिय बागही शून्याजवळच येते. आकडा कमी आला म्हणून बागायतदाराला खोटं ठरवू नका.

अहवालात ‘सेंद्रिय’ हा शब्द मी लिहीत नाही. ‘सेंद्रिय संदर्भ नमुन्यांशी जुळतो’ किंवा ‘जुळत नाही, खतांची नोंदवही तपासावी’, एवढंच.